दगडीपाल्याच्या रसाने झोन आला नाही, तर आजीचं औषध खोटं का?

नौपाडाकन्या | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. औषधी पानांच्या अर्कातले सक्रिय घटक तपासायचे आणि तो अर्क जिवाणूंवर चालतो का ते बघायचं, असा प्रोजेक्ट ठरलाय. तुळस आणि कडुनिंब वर्गातले निम्मे जण घेतात, म्हणून मी दगडीपाला घेणार आहे. आमची आजी मुरबाडकडची. शेतात कोयता लागला की ती दगडीपाल्याची पानं तळहातावर चुरडून रस थेट जखमेवर पिळते.

मागच्या बॅचने हेच झाड घेतलं होतं. त्यांच्या पाण्यातल्या अर्काभोवती झोन, म्हणजे प्लेटवर जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, आलाच नाही, मिथेनॉलच्या अर्काभोवती आला. निष्कर्षात त्यांनी लिहिलं की पारंपरिक वापराला आधार मिळत नाही. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते गाईडसमोर मांडता येत नाहीये.

तर विद्रावक कुठला घ्यावा, पानं ताजी की वाळवलेली, घटकांच्या कुठल्या चाचण्या कराव्यात? आणि झोन आलाच नाही तर आजीचा उपाय खोटा म्हणायचा का?

फक्तवाचक | सोमवार, रात्री ९.२५

खुर्ची टाकून बसलोय. विषय आवडला.

सुमाताई_वर्तकनगर | सोमवार, रात्री ९.४८

आमच्याकडे याला कंबरमोडी म्हणतात. सोसायटीच्या कंपाउंडच्या कडेने भरपूर उगवलीय. मुलं लहान असताना गुडघे फुटले की मीही हाच पाला लावायचे, रक्त लगेच थांबायचं. तुला पानं हवी असतील तर खुशाल ये गं, माळी तसाही उपटून टाकतो. फक्त औषध फवारलं आहे का ते आधी त्याला विचारू.

वनस्पतीवेडा | सोमवार, रात्री १०.३०

सुमाताईंचा फवारणीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यात भर घालतो. घोडबंदर रोडच्या दुभाजकावरची किंवा रेल्वे रुळांलगतची पानं घेऊ नकोस. त्यांच्यावर धूळ, धूर आणि नाल्याचं पाणी असतं, आणि अर्कात पानासोबत तेही उतरतं.

त्याआधीचं काम म्हणजे ओळख. दगडीपाला, म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, सूर्यफुलाच्या कुळातला. जमिनीलगत पसरतो, पानं समोरासमोर, दातेरी आणि केसाळ. लांब दांड्यावर एकच छोटं फूल, कडेच्या फिक्या पिवळट पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते. फूल असलेली पूर्ण फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळव. नुसती पानं नेलीस तर कोणीही खात्रीने ओळखून देणार नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लाटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, यासाठी उत्तम. १९०६ पासूनचा संग्रह आहे, आणि सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. पुण्यात आघारकर संस्था आणि बोटॅनिकल सर्व्हेचं कार्यालय आहे.

ओळखीवर एवढा भर का, तर गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने उलट म्हटलं की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. आपल्या हातातली वेल नेमकी कुठली, इथूनच वाद सुरू होतो. तुझ्या प्रबंधात हर्बेरियमने दिलेला नमुना क्रमांक असलाच पाहिजे.

तर्कट | सोमवार, रात्री ११.०५

दोन गोष्टी. एक, ट्रायडॅक्स मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं तण आहे. चरक-सुश्रुतांच्या काळात ते इथे नव्हतंच, त्यामुळे ‘प्राचीन परंपरा’ हा शब्द प्रबंधात घालू नकोस. दोन, जगभर पानांचे अर्क प्लेटवर टाकून झोन मोजले जातात, पण फुलझाडाच्या एखाद्या रेणूची प्रतिजैविक गोळी कोणी केमिस्टकडून आणली आहे का? मला तरी अशी एकही माहीत नाही. मग या सगळ्या प्रोजेक्टांचा उपयोग काय?

कळव्याचा_वैद्य | मंगळवार, सकाळी ७.१५

तर्कटसाहेब, झाड बाहेरून आलं हे खरं. पण बाहेरून आलेली वनस्पती पारखून घेणं हीसुद्धा परंपराच आहे. चोपचिनी चीनमधून आली आणि १६व्या शतकातल्या भावप्रकाशात फिरंग रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, तिची नोंद झाली. लोकांनी एक नवं तण पाहिलं, जखमेवर लावून पाहिलं आणि अनुभव पुढे दिला. ती पिढी आपल्या आज्यांच्या दोन-चार पिढ्या आधीची असेल, तरी निरीक्षण ते निरीक्षणच.

बाळ, तुला एक सांगतो. आयुर्वेदात वनस्पतीपासून औषध काढायच्या पाच मूळ रीती आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. आजी वापरते तो स्वरस, म्हणजे ताज्या पानांचा पिळून काढलेला रस. मागच्या बॅचने पाण्यातला अर्क केला म्हणजे नेमकं काय केलं? पानं वाळवून, भुकटी करून पाण्यात उकळली असतील तर तो क्वाथ, म्हणजे काढा, झाला. क्वाथाची परीक्षा घेऊन स्वरसाला नापास करता येत नाही.

पळसपान | मंगळवार, सकाळी ८.०२

वैद्यबुवांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. +१

अगारवाली | मंगळवार, दुपारी २.४०

वाशीत मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

वैद्यबुवांनी नेमकं बोट ठेवलंय. मी त्यात माझ्या बाजूचं घालते. झोन दोन गोष्टींनी बनतो. अर्क जिवाणू मारतो किंवा रोखतो का ही एक, आणि अर्कातला पदार्थ अगारमधून, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीतून, किती लांब पसरतो ही दुसरी. अगार म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्यात न विरघळणारे, मोठे, तेलकट रेणू वेलच्या, म्हणजे अर्क ओतायला अगारमध्ये पाडलेल्या भोकाच्या, काठाशीच अडकतात. ते कितीही प्रभावी असले तरी झोन छोटा येतो, कधी येतच नाही. म्हणून दोन वेगळ्या अर्कांचे झोन मिलिमीटरमध्ये शेजारी ठेवून हा जास्त चांगला, तो कमी, असं म्हणता येत नाही.

आता मिथेनॉलचा झोन. त्यांनी मिथेनॉल पूर्ण उडवून अर्क पुन्हा डीएमएसओ या दुसऱ्या विद्रावकात विरघळवला होता का? नुसता डीएमएसओ एका वेलमध्ये टाकला होता का? विद्रावक उरला असेल तर झोन पानाचा नाही, त्या विद्रावकाचा. अर्काचा पीएचही बघ. आंबट पानांचा अर्क केवळ आम्लतेमुळे जिवाणू रोखतो आणि आपण त्याचं श्रेय औषधी गुणाला देतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो अँटिबायोटिकशी केलेला मुकाबला. ‘आमचा अर्क जेंटामायसिनच्या तोडीस तोड’ हे वाक्य पोस्टरवर नेहमी दिसतं. हिशोब करून बघ. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचा अर्क ५० मायक्रोलिटर टाकलास, म्हणजे वेलमध्ये ५ मिलिग्रॅम पडला. जेंटामायसिनच्या डिस्कमध्ये, म्हणजे कागदी चकतीत, १० मायक्रोग्रॅम असतं. पाचशे पट वस्तू टाकून बरोबरी साधली, तर ती बरोबरी नव्हे. हा हिशोब तू स्वतः प्रबंधात लिहिलास तर एक्स्टर्नलला विचारायला काही उरणार नाही.

म्हणून झोनवर थांबू नकोस, एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढ. ९६ खळग्यांची प्लेट घे, अर्क दर खळग्यात निम्मा करत जा, जिवाणू घाल, रात्रभर ठेव, मग रिसाझुरिन हा रंग टाक. निळा रंग राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर जिवाणू जिवंत. पानांच्या अर्काचा स्वतःचा हिरवा-तपकिरी रंग असल्याने गढूळपणा डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून हा रंग उपयोगी. पण अर्कातली काही फेनॉल जिवाणूंशिवायही रिसाझुरिनचा रंग बदलतात. तेव्हा अर्क आणि रंग, जिवाणू नाहीत, अशी एक ओळ ठेवच. एमआयसी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली तर अर्क प्रभावी आहे असं म्हणू नये, असा संकेत या क्षेत्रात रुळलाय. बऱ्याच पानांचे अर्क इथेच गळतात, आणि ते तसं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

झोनही करणारच असशील तर म्युलर-हिंटन अगार, थराची जाडी ४ मिलिमीटर, आणि जिवाणूंचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडला जुळवलेला, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १.५ × १०^८ पेशी. प्लेट कमी-जास्त ओतली की झोनही कमी-जास्त होतो. हे १९६६च्या कर्बी-बावर पद्धतीतून आलेलं शिस्तीचं काम आहे, आणि ही शिस्त शिकणं हाच या प्रोजेक्टचा अर्धा फायदा.

तर्कट | मंगळवार, दुपारी ३.१०

अगारवाली, उत्कृष्ट. पाचशे पटीचा हिशोब फ्रेम करून प्रत्येक कॉलेजात लावला पाहिजे. पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं काय?

अगारवाली | मंगळवार, दुपारी ३.३५

तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. प्रतिजैविकं मुख्यतः मातीतल्या सूक्ष्मजीवांनी दिली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालं. ते जीव आपापसांत रेणूंनी लढतात, त्यामुळे त्यांच्याकडे एकेकटा जबरदस्त रेणू सापडतो. झाडांची रीत वेगळी दिसते. दारुहळदीच्या वर्गातल्या झाडांत बर्बेरिन असतं. स्टॅफिलोकॉकसच्या पेशीला ‘नॉर-ए’ नावाचा पंप असतो, तो बर्बेरिन आत शिरताच बाहेर फेकतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की त्याच वर्गातल्या झाडांत दुसरं एक रसायन असतं, जे स्वतः जिवाणू मारत नाही पण तो पंप बंद पाडतं. दोन्ही एकत्र आले की बर्बेरिन चालतं. घटक वेगळे काढत गेलात तर प्रत्येक जण निरुपयोगी वाटेल. त्यामुळे पानांचं काम वाया नाही, फक्त प्रश्न बारकाईने विचारावा लागतो.

फक्तवाचक | मंगळवार, दुपारी ३.५०

हे बर्बेरिनचं भन्नाट आहे. एक दार ढकलतो, दुसरा कडी काढतो.

खाडीकिनारा | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

अवांतर: मी ऐरोलीला राहतो. खाडीलगत तिवरांचं एवढं जंगल आहे आणि तिवरावर पुष्कळ संशोधन झालंय म्हणतात. दगडीपाल्यापेक्षा तिवराची पानं घेतलीस तर विषय जास्त नवा वाटेल. भरती-ओहोटी, खारट चिखल, एवढ्या हालअपेष्टांत टिकणाऱ्या पानात काहीतरी खास असणारच.

वनस्पतीवेडा | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

खाडीकिनारा, कल्पना चांगली आहे पण असं जाऊन तोडायचं नाही. खारफुटी संरक्षित आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय पान काढणं हा गुन्हा ठरू शकतो. हेच येऊरबद्दल. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. रविवारी फिरायला गेलो आणि पिशवीभर पाला आणला, हे चालत नाही. अंगणातलं, शेतातलं, नर्सरीतलं झाड घ्या. दगडीपाल्याचा हा मोठा फायदा आहे, तो तण आहे. कितीही उपटा, कोणाचं नुकसान नाही.

खाडीकिनारा | मंगळवार, संध्याकाळी ७.००

बरोबर आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात तिवराबद्दल छान माहिती मिळते. बघायला ये मात्र नक्की.

रसायनवाला | मंगळवार, रात्री १०.१५

महापे एमआयडीसीत औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. अगारवालीताईंनी जिवाणूंची बाजू भक्कम मांडली, मी घटकांच्या चाचण्यांवर लिहितो. या चाचण्या लोक यादीवर खुणा केल्यासारख्या उरकतात आणि मग सगळ्याच प्रबंधांत सगळंच ‘आढळले’ असतं.

अल्कलॉइड हा घटकांचा एक वर्ग, त्यासाठी तीन अभिकर्मक: मायर (मळकट पांढरा साका), ड्रॅगनडॉर्फ (नारिंगी-लाल साका) आणि वॅगनर (तांबूस तपकिरी साका). तू ताज्या पानांचा रस तपासणार असशील तर त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि तीही या अभिकर्मकांशी साका देतात. म्हणून आधी सौम्य आम्लात अर्क काढून गाळून घे, आणि तिन्ही चाचण्या जुळल्या तरच ‘आहे’ म्हण. मायरमध्ये पारा असतो. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नकोस, वेगळ्या बाटलीत जमा कर. इथल्या सिंकचं पाणी शेवटी खाडीतच जातं.

फ्लॅव्होनॉइडसाठी शिनोडा, म्हणजे मॅग्नेशियमची फीत आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. गुलाबी ते लाल रंग येतो. पण अँथोसायनिन असतील तर मॅग्नेशियमशिवाय नुसत्या आम्लानेही गुलाबी होतं. एक नळी मॅग्नेशियमशिवाय ठेव. टॅनिन आणि फेनॉलसाठी फेरिक क्लोराइड, निळा-काळा किंवा हिरवट-काळा रंग. इथे गंमत अशी की पानांचा अर्क मुळात गडद हिरवा, त्यामुळे ‘हिरवट-काळा’ म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. अर्क पुरेसा पातळ कर, किंवा पानांची भुकटी आधी पेट्रोलियम ईथरने धुऊन घे. बराचसा मेण आणि हरितद्रव्याचा भाग निघून जातो. सॅपोनिनसाठी नळीत हलवून फेस किती वेळ टिकतो ते बघ. फेस आला आणि लगेच बसला तर ते मोजू नकोस.

टॅनिन दोन्ही बाजूंनी त्रास देतं, हे अगारवालीताईही सांगतील. ते प्रथिनं गोठवतं, त्यामुळे प्लेटवर सरसकट झोन देतं. झोन आला, टॅनिनही भरपूर आढळलं, एवढ्यावर नवा रेणू सापडल्याची घोषणा करू नये.

मला विचारशील तर नळ्यांतले रंग कमी कर आणि टीएलसी, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करणं, जास्त कर. सिलिका प्लेटवर अर्काचे ठिपके पळव, २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बघ, एका प्लेटवर ड्रॅगनडॉर्फ फवार. मग तीच प्लेट जिवाणू मिसळलेल्या पातळ अगारने झाक. जिथे वाढ होत नाही त्याच पट्ट्यात तुझा घटक बसलाय. याला बायोऑटोग्राफी म्हणतात. खर्च फार नाही, आणि ‘सक्रिय घटक’ हे तुझ्या शीर्षकातले शब्द खरे ठरतात. नाहीतर घटकांची यादी एका पानावर, झोनचा तक्ता दुसऱ्या पानावर, आणि दोघांचा काही संबंध नाही, असंच होतं.

नौपाडाकन्या | मंगळवार, रात्री ११.००

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. बायोऑटोग्राफी आमच्या अभ्यासक्रमात नुसतं नाव म्हणून आहे, करायला मिळालं तर फारच छान.

अजून शंका. गाईड म्हणतात सॉक्सलेट लाव, म्हणजे अर्क पूर्ण निघतो. आणि एक सीनियर म्हणाली की अर्क बाहेर देऊन जीसीएमएस, म्हणजे यंत्रावर घटक वेगळे करून ओळखणं, करून घे, प्रबंध भारी दिसतो.

रसायनवाला | बुधवार, सकाळी ९.३०

सॉक्सलेट हे १८७९ मध्ये दुधातली चरबी काढायला शोधलेलं उपकरण. उत्तम आहे, पण त्यात अर्क तासन्तास उकळत्या विद्रावकात राहतो. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. तुझ्या पानातला घटक ते सोसतो का, हा प्रश्न आहे. चीनमध्ये तू यूयू यांना मलेरियाविरुद्ध आर्टेमिसिनिन मिळालं ते याच मुद्द्यावर. पानांचा अर्क गरम पद्धतीने काढला की गुण नीट हाती लागत नव्हता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ते रोप पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. ते वाचून त्यांनी ३५ अंशांखाली उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो चालला. २०१५चं नोबेल त्या कामाला मिळालं. वैद्यबुवांचा स्वरसाचा मुद्दा इथेही लागू होतो बघ.

तू थंड भिजवण कर. भुकटी विद्रावकात झाकून ठेव, अधूनमधून हलव, गाळ, आणि कमी तापमानाला विद्रावक उडव. वजन करून अर्क किती टक्के निघाला ते लिही.

जीसीएमएस फक्त वाफ होऊ शकणाऱ्या पदार्थांसाठी. फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, ग्लायकोसाइड त्यात दिसणारच नाहीत. अहवालात मात्र मोठमोठ्या नावांची रांग येते, आणि तीत थॅलेटही, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं, दिसतात, जे पानातले नसून प्लॅस्टिकच्या नळीतून किंवा बाटलीतून आलेले असण्याची शक्यता मोठी. काचेची भांडी वापर. बाहेरून करून घ्यायचंच असेल तर पवईला आयआयटीत सैफ म्हणून विश्लेषणाची सोय आहे, तिथे बाहेरच्यांचे नमुने घेतात. पण आधी टीएलसीत कुठला पट्टा कामाचा आहे ते शोध, मग तेवढाच दे.

सुमाताई_वर्तकनगर | बुधवार, सकाळी ११.२०

पानं वाळवायची असतील तर आत्ता पावसात सांभाळ गं. माझी मेथी वाळवताना दोनदा बुरशी आली. ठाण्याची हवा ओलीच.

अगारवाली | बुधवार, दुपारी १.०५

सुमाताई, लाख मोलाचं बोललात. ओल्या हवेत हळूहळू वाळणाऱ्या पानावर बुरशी वाढते, आणि बुरशी स्वतःच जिवाणूरोधक रसायनं तयार करते. मग झोन पानाचा की बुरशीचा? सावलीत, पंख्याखाली, पातळ थरात पसरून वाळवायचं. पाऊस असेल तर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. ताज्या रसासाठी तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्याशिवाय प्लेटवर टाकू नकोस, पानावरचे जिवाणूच वाढतील.

ऐरोलीचा_बाबा | बुधवार, दुपारी ४.३०

माझा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हेच घरी करता येईल का? जिलेटीनचे डबे आणि फ्रिज आहे.

अगारवाली | बुधवार, दुपारी ४.५०

दादा, जिवाणू वाढवण्याचं काम घरी नको. हातावरचे, नाकातले जिवाणू वाढवले की त्यात रोगकारकही येतात, आणि ते नष्ट करायला १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह लागतो. त्याऐवजी बेकरीचं यीस्ट, साखरेचं पाणी आणि तोंडाला फुगा बांधलेल्या बाटल्या घ्या. एकात ओव्याच्या पानांचा रस, एकात तुळशीचा, एकात नुसतं पाणी. फुगा किती फुगतो ते मोजू दे. नुसत्या पाण्याची बाटली का लागते हे त्याला स्वतः सांगता आलं की प्रकल्प झाला.

ऐरोलीचा_बाबा | बुधवार, दुपारी ५.०५

वा! आजच यीस्ट आणतो. पाने आमच्या खिडकीतल्याच ओव्याची घेऊ.

डॉ_खारघर | बुधवार, रात्री ९.४०

सर्जन आहे, म्हणून काळजीने लिहितो. जखमेवर शेतातला पाला लावण्यात धनुर्वाताचा धोका आहे. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि जमिनीलगतच्या केसाळ पानावर माती बसतेच. कोयता लागला तर वाहत्या पाण्याने जखम भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मधुमेहींनी तर पाला लावूच नये. आजींना हे जरूर सांग.

आता मूळ प्रश्नावर, कारण चर्चेत तो थोडा मागे पडला. जखम बरी होणं आणि जिवाणू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखम भरताना आधी रक्त गोठतं, मग सूज येते, नवे पेशीजाल तयार होतं, कोलॅजन विणलं जातं. या प्रत्येक टप्प्यावर एखादी वनस्पती मदत करू शकते, एकही जिवाणू न मारता. ट्रायडॅक्सच्या पानांच्या रसाचे उंदरांवर प्रयोग झालेत, त्यांत जखम भरण्यावर परिणाम दिसलाय. सुमाताई म्हणाल्या ते रक्त लगेच थांबण्याचं. आजींनी कधी म्हटलं का की हा पाला जंतू मारतो? त्या म्हणतात जखम भरते. आपण त्यांच्या दाव्याऐवजी दुसराच दावा प्लेटवर तपासतोय.

रसायनवाला | बुधवार, रात्री १०.०५

डॉक्टरसाहेब, अगदी. अडुळसा हे याचं ठळक उदाहरण. खोकल्यावर पिढ्यान्पिढ्या वापरला. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन घडलं आणि पुढे अँब्रोक्सॉल. दोन्ही कफ पातळ करणारी औषधं. अडुळशाची परीक्षा फक्त प्लेटवरच्या झोनने घेतली असती तर हा मार्ग दिसलाच नसता.

कळव्याचा_वैद्य | बुधवार, रात्री १०.२०

डॉक्टर, माती आणि मधुमेहाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मीही पेशंटला उघड्या जखमेवर रानातला पाला लावू देत नाही.

तर्कट | बुधवार, रात्री १०.३५

हे मान्य. म्हणजे निष्कर्षाचं वाक्य बदलायला हवं. ‘या पद्धतीने काढलेला, या ताकदीचा अर्क या जिवाणूंना रोखत नाही.’ परंपरेला आधार मिळतो की नाही, यावर त्या प्रयोगाला मत देताच येत नाही. उलट बाजूनेही तेच. झोन आला म्हणून आजीचा उपाय सिद्ध झाला असंही लिहायचं नाही हं, नौपाडाकन्या.

नौपाडाकन्या | गुरुवार, सकाळी ८.१०

डॉक्टरकाका, आजीला रात्रीच फोन केला. ती म्हणाली, ‘जंतूबिंतू मला काय माहीत, रक्त थांबतं आणि खपली लवकर धरते.’ इंजेक्शनचंही सांगितलं, ऐकेल असं वाटतं.

तर्कटदादा, ते वाक्य गाईडना दाखवणार आहे. मागच्या बॅचचं का पटत नव्हतं ते आता मला शब्दांत सांगता येतंय.

ठरवलंय ते असं. झाड एकच. अर्क तीन: गाळलेला ताजा रस, पाण्यातला काढा, आणि थंड भिजवलेला मिथेनॉलचा. तिन्हींच्या घटक-चाचण्या आणि टीएलसी, मग झोन, मग एमआयसी, आणि जमलं तर बायोऑटोग्राफी. शिवाय काचेच्या नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजता येईल का ते विचारणार आहे, कारण आजीचा दावा तोच आहे. शनिवारी फांदी घेऊन ब्लाटरला जाते. एक राहिलं, जिवाणू कुठले घेऊ?

अगारवाली | गुरुवार, सकाळी १०.४५

छान बांधलंस. जखमेचा विषय आहे तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हवाच, आणि तुलनेला ई. कोलाय. एटीसीसी २५९२३ आणि २५९२२ हे प्रमाणित वाण पुष्कळ ठिकाणी असतात. कॉलेजात नसतील तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांकडून विभागाच्या पत्रावर मागवता येतात. ‘पेशंटकडून आणलेला’ असा बेनामी वाण घेऊ नकोस, दुसऱ्या कोणाला तुझा प्रयोग पडताळता येणार नाही. ई. कोलायवर काही दिसलं नाही तर दचकू नकोस. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून जादा आवरण असतं, पानांचे बहुतेक अर्क तिथेच अडतात.

रक्त गोठण्याच्या चाचणीला माणसाचं रक्त लागेल. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी आधी, नळी नंतर. गाईडशी बोलून घे, वेळ लागतो.

प्रत्येक प्रयोग तीन प्लेटवर, आणि तो वेगवेगळ्या दिवशी पुन्हा. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करून मगच पिवळ्या पिशवीत. फोटो इथे टाक, झोन न आलेल्या प्लेटचेही.

सुमाताई_वर्तकनगर | गुरुवार, सकाळी ११.१०

माळ्याला विचारलं. गेल्या दिवाळीपासून काही फवारलेलं नाही म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी ये, फुलं आलेल्या फांद्या बाजूला काढून ठेवते.